काना पुसून मात्रा

सोमवार

खोटं कशाला बोलू, हा टोमणा माझा मलाच फार आवडला आहे. पण फळ्यावर जायला त्याला अजून अवकाश आहे, कारण गिऱ्हाईक चष्मा न्यायला आलेलं नाही. विसरायला नको म्हणून आधी वहीत उतरवून ठेवते:

"साहेबांचा नवा चष्मा तयार आहे. आता डोळ्यांच्या विभागाचं कुलूप दिसायला हरकत नाही."

ह्यांना वाचून दाखवला. "एक दिवस हा फळा आपल्याला गोत्यात आणणार आहे," असं म्हणून त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. दुकानाला फळा लागला त्या दिवसापासून नवऱ्याचं हे वाक्य ठरलेलं आहे. मी आताशा ते ऐकतही नाही.

फळा खरं तर "डोळे तपासून चष्मे मिळतील" एवढंच लिहायला घेतला होता. मग बाजाराच्या रस्त्यावर खड्डे पडले आणि माझा हात शिवशिवला. "साहेबांना खड्डे दिसत नाहीत. नंबर तपासून देऊ. फुकट." सगळी बाजारपेठ हसली. पुढच्याच आठवड्यात भर दुपारी तो स्वतः, शहराचा एवढा पुढारी, दुकानात हजर, एकटा, ड्रायव्हरलाही गाडीतच बसवून. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तपासा. फुकट म्हणालात ना?" माझी पाचावर धारण बसली होती. तक्त्यावरची खालची ओळ त्याला दिसत नव्हती, तरी त्याने ती धडाधड ठोकून दिली, भाषणात आकडे ठोकतो तशी. मी म्हटलं, "साहेब, एकही अक्षर बरोबर नाही." तर म्हणतो, "पण अडखळलो का?" तेव्हापासून त्याचा चष्मा माझ्याकडे.

म्हणून काही आमचं जमलं असं नाही. सरकारी दवाखान्यातला डोळ्यांचा विभाग त्याने बंद केला. शहराबाहेर मोठा बांधतो म्हणाला, तो अजून कागदावरच आहे. म्हातारी माणसं भिंत चाचपडत माझ्याकडे येतात. मी चष्मा देऊ शकते, मोतीबिंदू काढू शकत नाही. हे त्याला दर खेपेला ऐकवलं. दर खेपेला तो तावातावाने भांडला, मीही भांडले, आणि उठताना दर खेपेला त्याचा प्रश्न एकच: "पुढचं काय लिहिताय?"

फळ्यावर तो कायम "साहेब". इथे वहीत मात्र तो. वही कोण वाचतंय?

शनिवारी त्याला दवाखान्यात नेलं म्हणतात. खोकला असेल. भाषणं करून करून घसा बसणारच.


बुधवार, सकाळी

शटर अर्धंच वर केलं होतं, तोवर समोरचे घड्याळवाले रस्ता ओलांडून आले. गिऱ्हाईक आलं तरी हा माणूस स्टुलावरून उठत नाही. "कळलं का? पहाटे गेले." कोण, असं मी विचारलं नाही.

मला काही फार वाईट वाटलं असं नाही. वय झालं होतं. पहिल्यांदा डोक्यात आलं ते चष्म्याचं. तयार पडला आहे, आता त्याचं करायचं काय? त्याचा नंबर दुसऱ्या कुणाला चालायचा नाही. हा साधा व्यवहाराचा प्रश्न आहे.

मग फळ्यापुढे गेले. आज काहीतरी लिहायलाच हवं होतं. इतकी वर्षं बोलत राहायचं आणि नेमकं आज गप्प बसायचं हे शोभलं नसतं. "ज्यांच्याशी आमचं कधी पटलं नाही, त्या साहेबांना" अशी सुरुवात करून चांगली चार वाक्यं मनात जुळवली होती. सभ्य आणि खरी, दोन्ही. प्रत्यक्षात हातून एक शब्द उतरला आणि खडू मोडला. दुसरा खडू घ्यायला आत आले आणि तपासायच्या खुर्चीत जरा बसले. मग एक काकू चष्म्याची काडी घेऊन आल्या, आणि राहून गेलं ते राहूनच गेलं.

फळ्यावर नुसतं: गेला.

आज दोन चष्म्यांच्या काचा उलटसुलट बसवल्या, उजवी डावीकडे. असं माझ्या हातून होत नाही. रात्री झोप नीट झाली नसावी.


बुधवार, संध्याकाळी

दुपारी लेकीचा फोन. ती दूरच्या शहरात नोकरीला, ऐन कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. "आई, तू काय लिहून ठेवलंयस? अगं, माझ्या ऑफिसात लोक एकमेकांना दाखवतायत."

मला कळेचना. तिने फोटो पाठवला. माझं दुकान, माझा फळा, माझं अक्षर. खाली कुणीतरी लिहिलं होतं: "साहेबांच्या निधनाचा आनंद साजरा करणारी चष्मेवाली. गेला म्हणते. ओळखून ठेवा."

"आनंद? मी कुठे आनंद—"

"आई, गेला म्हणजे काय? गेला एकदाचा, असंच वाटणार ना वाचणाऱ्याला!"

मी उठून बाहेर गेले आणि फळा पुन्हा वाचला. परक्या माणसाने वाचावा तसा. एक काना. तिथे एक मात्रा असती तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

लगेच पुसायला हवा होता. ओलं फडकं घेऊनही गेले. पण तेवढ्यात मोटरसायकली आल्या. समोर ओळीने लावल्या. पोरं उतरली. एकजण माझ्या काचेच्या अगदी जवळ आला, इतका की त्याच्या श्वासाने काच धुरकटली. मला वाटलं आता हात उचलतो. त्याने खिशातून कंगवा काढला, काचेत बघून सावकाश भांग पाडला, आणि काचेतूनच माझ्याकडे बघून हसला. मग सगळे निघून गेले.

दुकानात काचेशिवाय आहे काय? समोर काच, कपाटाला काच, आरसे, टेबलावर काच, आणि खणांतून भरलेल्या काचा. आधी कधी हे माझ्या मनातही आलं नव्हतं. फडकं हातातच राहिलं. पुसलं तर म्हणतील घाबरून पुसलं, म्हणजे चोराच्या मनात चांदणं. नाही पुसलं तर उद्या आहेच. मी शटर ओढून मागच्या दाराने घरी आले.

ह्यांनी कडी लावली, पुन्हा उघडून पुन्हा लावली. म्हणाले, "इतकी वर्षं टोमणे मारलेस तेव्हा साहेब साहेब लिहीत होतीस. आणि माणूस गेल्यावर अरे-तुरे? हे काय सुचलं तुला?"

खरंच, काय सुचलं कोण जाणे. वहीतली सवय असणार.


गुरुवार

भोंगा आला होता, पक्षाच्या पोरांचा म्होरक्या. त्याच्या घोषणा तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जातात म्हणून हे नाव. त्याला स्वतःलाही ते आवडतं. पण आज इतका हळू बोलला की मला कान द्यावा लागला, आणि तेच जास्त भीतिदायक होतं.

"वहिनी, पोरं फार चिडलीयेत. मी आवरून धरलंय. पण मी किती पुरणार?"

"अहो दादा, माझ्या मनात तसं काही नव्हतं."

"मनातलं कोण वाचतं वहिनी? फळ्यावरचं वाचतात."

बरोबरच होतं. मग त्याने सांगितलं: रविवारी शोकसभा आहे. तिथे सगळ्यांसमोर येऊन मी माफी मागायची. "साहेब गेले" असं नीट, मान देऊन म्हणायचं. विषय संपला.

"आणि नाही आले तर?"

त्याने पिशवीतून एक दगड काढला. मुठीपेक्षा मोठा, रस्त्याच्या कामावरचा असतो तसा. टेबलाच्या काचेवर अगदी अलगद ठेवला, तडा जाऊ नये असा. "हा इथे राहू द्या. कागद उडत नाहीत." आणि गेला. जाताना दारही हळूच लावलं.

त्या दगडाला मी हात लावलेला नाही. त्याच्याकडे पाठ करून बसले तरी तो दिसतच होता. दुकानात आरसे पुष्कळ आहेत.

दिवसभरात एकही गिऱ्हाईक नाही. घड्याळवाल्यांनी तोंड फिरवलं. काल धावत सांगायला आलेला माणूस आज मला बघून घड्याळाला किल्ली देत बसला. राग येत नाही. त्यांचं दुकानही काचेचंच आहे.

दारावर पोस्टमनची टकटक झाली तरी माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी मुळात भित्री बाई. पालीला भिते, विजेला भिते. लोकांना वाटतं, फळ्यावर लिहिते म्हणजे धीट असणार. फळ्यासमोर लिहिताना पाठ लोकांकडे असते, एवढंच त्यातलं धैर्य.

जेवताना ह्यांनी विषय काढला. "काय मागतायत ते? काना पुसून मात्रा द्यायची. एवढ्यासाठी घरादाराची राख करून घ्यायची का?"

"ध चा मा करणारे ऐकले होते. इथे ला चा ले."

"विनोद सुचतायत तुला!"

"भीती वाटली की सुचतात," मी म्हटलं. आणि ते खरं आहे. हसू आलं नाही मात्र दोघांनाही.

एक गोष्ट मला कळत नाही. माफी मागायला मला अडचण काय आहे? सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ आहे. माणूस मोठा होता, वयाने, मानाने. "गेले" म्हणायला जीभ झिजत नाही. तरी मात्रा द्यायचं मनात आलं की कुणीतरी माझ्या हातून काही काढून घेतंय असं वाटतं. काय काढून घेतंय ते सांगता येत नाही.


शुक्रवार

सकाळी दुकान उघडायला गेले, आणि फळ्यावर "गेले".

काना पुसलेला, नीट फडक्याने पुसावा तसा, आणि वर मात्रा. माझी मात्रा सरळ असते, ही जरा वाकडी, कागदपत्रांवर घाईने देतात तशी. म्हणजे ही माणसं पहाटेच्या सुमारास येऊन माझ्या दारात उभी होती. खडू कुठे ठेवते तेही त्यांना माहीत. खडूचा डबा मी खिडकीच्या आत, कोनाड्यात ठेवते; किल्लीशिवाय हात पोचत नाही. किल्ली त्यांच्याकडे कशी आली? विचार करून डोकं बधिर झालं.

ह्यांना फोन केला. दुसरी किल्ली ह्यांच्याकडे असते, ती जागेवर आहे का विचारलं. आहे म्हणाले. "जाऊ दे ना," म्हणाले, "झालं ते बरंच झालं." नवरा इतका शांत कसा राहतो कोण जाणे. इतरवेळी दुधाला उशीर झाला तरी घाबरा होतो.

भोंगा दुपारी डोकावला. फळा बघून मान हलवली. "मात्रा लागू पडली म्हणायची! शहाण्या आहात वहिनी. आता रविवारचं तेवढं विसरू नका." मी दिली नाही, तुमच्याच माणसांनी दिली, असं म्हणणार होते. पण दगड मध्येच होता, म्हणून गप्प बसले. तो तरी कुठे उचलून नेला त्याने.

घरी आल्यावर कपडे भिजवले. ह्यांच्या शर्टाची बाही पांढरी झाली होती. ऑफिसात भिंतींना रंग देतायत बहुतेक. जरा जपून टेकावं माणसाने.


रविवार

होऊन गेलं.

जीव मुठीत धरून गेले. हे बरोबर होते, माझा दंड घट्ट धरून, आधार देत होते की घेत होते सांगता येत नाही. मैदान भरलं होतं. मंचावर त्याचा मोठा फोटो, फुलांनी मढवलेला. फोटोत चष्मा आहे. त्यातली डावी काडी मीच वाकवून दिली होती, कानाला रुतते म्हणून भांडला होता.

भाषणं झाली. एकाने सांगितलं, साहेबांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. मला माझ्या दुकानातली आरडाओरड आठवली. दुसऱ्याने सांगितलं, साहेब सर्वांचं ऐकून घेत. तिसरा म्हणाला, साहेबांनी गरिबांना दृष्टी दिली. मेल्या म्हशीला मणभर दूध! हे मी मनातसुद्धा हळूच म्हटलं, न जाणो कुणी ऐकलं तर. पण मला राग आला, आणि गंमत म्हणजे त्याच्या बाजूने आला. तो असा गुळमुळीत नव्हता. ह्या वक्त्यांनी त्याला धुऊन, इस्त्री करून, दुसराच माणूस करून टाकला होता.

पहिल्या रांगेत आक्का बसली होती. त्याची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवला हे सगळ्या शहराला ठाऊक आहे. दर भाषणानंतर वक्ते खाली उतरून तिच्यापुढे वाकत होते. ती कुणाकडे बघत नव्हती, हातातल्या रुमालाची घडी घालत होती आणि मोडत होती.

भोंग्याने माझं नाव पुकारलं, म्हणजे "चष्मेवाल्या बाई". पायऱ्या चढले. समोर नुसती डोकी, आणि कंगवेवाला पोरगा तिसऱ्या रांगेत. मी माइकमध्ये म्हटलं, "साहेब गेले. मी एकेरी लिहिलं, ते चुकलं. माफ करा." आवाज माझा नव्हताच. एका बाजूने थोड्या टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी उतरले.

उतरताना आक्काकडे लक्ष गेलं. ती माझ्याकडेच बघत होती. डोळे कोरडे. बाप रे, ती नजर. हिने काही माफ केलेलं नाही, हे मला तिथेच कळलं.


सोमवार

वाटलं होतं, माफी मागितली की भीती जाईल. गेली नाही. उलट आता ती कशाची आहे तेच कळत नाही, भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं आहे. आक्काची नजर सारखी आठवते. ती बोलली तर भोंगाच काय, सगळं शहर उठेल.

घड्याळवाले चहा घेऊन आले. "सुटलात," म्हणाले. फळा कोराच ठेवला आहे. वाकडी मात्रा मी पुसून टाकली, दुसऱ्याचं अक्षर माझ्या भिंतीवर नको. खडू उचलला आणि ठेवून दिला. लेकीला फोनवर सांगितलं, आता फळा काढूनच टाकते, नंबर तपासायचं पत्रक लावते. ती म्हणाली, "बरं होईल आई." मग जरा थांबून म्हणाली, "पण तू मग काय करशील?" लेक मला तू म्हणते. लहानपणापासून. ती तुम्ही म्हणायला लागली तर मला वाटेल कुणीतरी बदलून दुसरीच आणून दिली.

चष्मा अजून खणातच आहे. परत करायला जायची हिंमत नाही आणि टाकवतही नाही.


मंगळवार

हात अजून कापतो आहे. सगळं जसं झालं तसं लिहिते.

दुपारची वेळ. हे जेवायला घरी जाताना दुकानात डोकावले होते. एवढ्यात समोर गाडी थांबली आणि भोंग्याचा हात धरून आक्का उतरली. ह्यांनी तर भिंतच धरली. ती आत आली, इकडे तिकडे पाहिलं, आणि तपासायच्या खुर्चीत बसली. तो बसायचा त्याच.

"त्याचा चष्मा तयार आहे म्हणे. ड्रायव्हर सांगत होता."

मी खण उघडला. डबी देताना हातातून निसटता निसटता वाचली. तिने चष्मा बाहेर काढला, रुमालाने पुसला, आणि मांडीवर ठेवला.

"फळ्यावर काय लिहिलं होतंस?"

"आक्का, चुकलं माझं, मी रविवारी सभेत—"

"सभेत म्हणालीस ते ऐकलं मी. लिहिलं काय होतंस ते विचारतेय."

भोंगा तिच्या मागे हाताची घडी घालून उभा. खोटं बोलून उपयोग नव्हता. "गेला," मी म्हटलं.

"पुन्हा म्हण."

"गेला."

आक्काने डोळे मिटले. मला वाटलं आता हिचा हात उठणार. आणि मग त्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते पुसलंही नाही.

"घर माणसांनी भरलंय नुसतं," ती म्हणाली. "येतो तो म्हणतो, साहेब गेले, साहेब गेले. कोण गं हे साहेब? मला काही रडू येईना. सभेत बसले तिथेही येईना. माझा भाऊ गेलाय, त्याच्याबद्दल कोणी बोलेचना. त्याला अरे म्हणणारी मीच एकटी उरले असं वाटत होतं. मग ह्या मेल्यांनी मला तुझ्या फळ्याचा फोटो दाखवला, मी चिडावं म्हणून."

भोंग्याने हाताची घडी सोडली. आता हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

"तुझ्यावर फार चिडायचा," आक्का सांगत होती. "जेवताना निम्मं बोलणं तुझंच. ती चष्मेवाली अशी न् ती चष्मेवाली तशी. आणि सकाळी उठला की ड्रायव्हरला विचारायचा, आज काय लिहिलंय रे? लिहिलेलं नसलं तर करमायचं नाही त्याला." मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. "हा धोंडा कसला?"

मी भोंग्याकडे पाहिलं. भोंगा छताकडे.

"ते... कागद उडू नयेत म्हणून, आक्का," तो म्हणाला. असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

"वाऱ्याचा पत्ता नाही. उचल, घेऊन जा."

त्याने दगड उचलला. पिशवी आणलेली नव्हती. तेवढा मोठा माणूस दोन्ही हातांत दगड धरून भर बाजारात गाडीपाशी जाऊन उभा राहिला. घड्याळवाले बघत होते.

"आणि पुढचं काय लिहिणार होतीस?" आक्काने विचारलं.

हा प्रश्न ऐकला आणि मला काहीतरी झालं. शेवटी वही काढली आणि चष्म्याचा, कुलपाचा टोमणा जसाच्या तसा वाचून दाखवला. आक्का हसली. हसता हसता ठसका लागला, ह्यांनी धावत जाऊन पाणी आणलं.

"दिसत होतं त्याला ते कुलूप," पाणी पिऊन ती म्हणाली. "चुकलं त्याचं. मीही सांगितलं होतं. ऐकेल तर तो कसला! अजून आहे ना कुलूप?"

"आहे."

"मग फळा कोरा का?"

"आक्का, मला भीती वाटते. काच फोडतील."

"मी बसते बाहेर. खुर्ची दे."

ह्यांनी खुर्ची फळ्याखाली ठेवली, मग स्टूल आणून माझ्यासाठी धरलं. मी खडू घेतला. म्हटलं, पुन्हा कोणी येऊन मात्रा देऊन जाईल. हे स्टुलाकडेच बघत म्हणाले, "नाही देणार कोणी." तुम्हाला काय माहीत, असं विचारलं, तर कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण बोलले नाहीत. मी त्यांच्या बाहीकडे पाहिलं. मग स्टुलावर चढले.

हात असा कापत होता की अक्षर वेडंवाकडं आलं. पण खडू मोडला नाही.

"गेला.
कुलूप तसंच आहे."

आक्का त्याच्याखाली मांडीवर चष्मा घेऊन बसून राहिली. माणसं यायची, वाचायची, तिच्याकडे बघायची आणि आवाज न करता पुढे जायची. मोटरसायकली आल्या. कंगवेवाल्याने तिला पाहून गाडी बंद केली आणि पार कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. एका म्हातारबुवांनी फळा मोठ्याने वाचून घेतला बायकोकडून, कारण त्यांना दिसत नव्हतं. "खरं आहे," म्हणाले. दोन्ही ओळींना म्हणाले की एकीला, ते कळलं नाही.

ऊन उतरल्यावर आक्का उठली. चष्मा घेऊन गेली. "येत जाईन," म्हणाली.

ती गेल्यावर भीती लगेच परत आली. उद्या ती नसेल, फळा असेल. मी शटर लवकर ओढलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं. कदाचित काच फुटेलही. फुटली तर काय करायचं ते हे मला समजावत होते, कुणाकडून स्वस्तात बसवून मिळेल वगैरे. मी हं हं करत होते. सगळा आठवडा मी स्वतःला सांगत आले की हात भीतीने कापतो, झोप भीतीने येत नाही, काचा भीतीने उलटसुलट बसल्या. पण त्या दिवशी सकाळी खडू मोडला तेव्हा मला कुणाचीच भीती नव्हती. तोवर कुणी आलंच नव्हतं.

किल्ली पर्समध्ये टाकताना मी सवयीने मागे वळून पाहिलं. पुढचं काय लिहिताय, असं विचारायला तो आता येणार नाही.